दीड मिलिमीटरची फट

आदिलाबादेत आवाजाला तोटा नाही. गणपती झाले की दुर्गा, मग लग्नसराई, मग केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेतले पाळणे आणि दुकानं, मधे एखादी निवडणूक. जिथे एवढे भोंगे वाजतात तिथे ते जळतातही. त्यामुळे शहरात स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी शंकू, बदलून देणारे कारागीर आहेत. सकाळी जळालेला स्पीकर टाकला तर संध्याकाळी बोलता होऊन मिळतो. सुट्या भागांतून आख्खा ड्रायव्हर उभा करायच्या फंदात मात्र कोणी पडत नाही, कारण त्यात पैसा नाही. मी पडलो.

मी जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवतो. (तेलंगणात मराठी माध्यम कसं, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. भाषा कुठे जाणार?) चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज गेली की तारेवर बल येतं, हे दरवर्षी डाव्या हाताची तीन बोटं वाकडी करून शिकवायचं आणि मुलांनी ते पाठ करायचं. स्पीकर म्हणजे हाच नियम, फक्त ऐकू येणारा. शिवाय यंत्र जुनं आहे. १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी फिरत्या कॉइलच्या स्पीकरला जे रूप दिलं, ते मुळात आजही तेच आहे. शंभर वर्षांत चुंबक बदललं, गोंद बदलला, कागदाला पर्याय आले. रचना तीच राहिली.

ड्रायव्हर म्हणजे लाकडी डब्यात बसवतात तो गोल स्पीकर. डब्याला कॅबिनेट म्हणतात, ते वेगळं प्रकरण. ड्रायव्हरचे भाग मोजकेच: फ्रेम, मॅग्नेट आणि त्याच्या दोन लोखंडी प्लेटा, मधला पोल, तांब्याची कॉइल, स्पायडर, कोन, कोनाची किनार, मधली टोपी, दोन लवचिक वायरी. हे सगळं बाजारात मिळतं. पण एकाच पिशवीत आणलेले हे भाग एकमेकांसाठी बनलेले नसतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. १० इंची ड्रायव्हर करताना जे हाताला समजलं ते इथे देतोय. क्रम कामाचा आहे, महत्त्वाचा नाही.

१. मॅग्नेट आधी, पैसे नंतर

सगळं माप एका फटीवरून ठरतं. पोल आणि वरच्या प्लेटचं भोक यांच्यामध्ये जी गोल फट असते, तिच्यात कॉइल तरंगते. म्हणून पहिली खरेदी मॅग्नेटची, आणि तीही व्हर्नियर कॅलिपर खिशात ठेवून. माझ्या हाती आलेलं मॅग्नेट जुन्या स्पीकरचं, पत्र्याच्या फ्रेमसकट, कोन फाटलेला आणि कॉइल जळालेली. पोल ३७.५ मिलिमीटर, भोक ४०.५. म्हणजे फट दीड मिलिमीटर. वरची प्लेट ८ मिलिमीटर जाड, मॅग्नेट १५.

नवं फेराइट मॅग्नेट, सुट्या प्लेटा आणि पोल आणून जोडायचा मोह होतो. माझा सल्ला, हे घरी करू नका. कारखान्यात सगळं आधी चिकटवतात आणि शेवटी मोठ्या यंत्रात एका झटक्यात चुंबकित करतात. आधीच चुंबकित झालेली कडी प्लेटवर ठेवायला गेलात तर ती मध्यभागी बसत नाही, एका बाजूला झेपावते, आणि मधे बोट असेल तर बोट जातं. फुटलेल्या फेराइटचे तुकडे धारदार असतात. त्यापेक्षा जळालेल्या स्पीकरचा जोडलेला संच चांगला. फेराइट वर्षानुवर्षं आपला जोर राखून असतं, ते जळालेल्या कॉइलबरोबर मरत नाही.

एक अपवाद. फार जुन्या स्पीकरात अल्निको चुंबक असतं, घंटेसारख्या भांड्यात बंद केलेलं. ते उघडून पोल बाहेर काढला की त्याचा जोर उतरतो आणि परत बसवल्यावर पहिल्याइतका येत नाही. तसा संच मिळाला तर पोलला हात न लावता फक्त वरचं काम करावं.

२. बाजार दोन दिशांना आहे

आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर २०० च्या आसपास. हैदराबादेत कोटीची गुजराती गल्ली, नागपुरात सीताबर्डी. दोन्हीकडे कोन, स्पायडर, कॉइल टांगलेले दिसतात. यातला बराच माल दिल्लीहून येतो. मी कृष्णा एक्स्प्रेसने कोटीला जातो, कारण रात्र गाडीत निघते आणि कोन मांडीवर ठेवून परत आणता येतो. कोन बसच्या टपावर टाकायची वस्तू नाही.

दुकानात सगळं इंचात बोलतात. ‘दीड इंची कॉइल’ मागितली तर चार दुकानांत चार वेगवेगळे व्यास मिळतील, ३८ पासून ३८.६ पर्यंत, आणि दुकानदाराच्या लेखी चारही दीड इंचीच. आपल्या फटीत अर्ध्या मिलिमीटरने काय होतं ते पुढे येईलच. गावातले माझे उस्ताद, ज्यांच्या दुकानात बसून मी हे काम शिकलो, त्यांचं एकच म्हणणं: ‘‘मास्टरसाब, पैले नापो, बाद में पैसे निकालो. दुकानवाले का इंच अलग, अपना इंच अलग.’’

३. कॉइल फॅनवाल्याकडे

तयार कॉइल मिळते, पण मला वर्गात दाखवायला ती स्वतः गुंडाळलेली हवी होती. इथे आदिलाबादचा फायदा झाला. शेतीपंप, जिनिंगच्या मोटारी आणि उन्हाळाभर फिरणारे पंखे यांमुळे वाइंडिंगची दुकानं इथे चांगली चालतात आणि एनॅमल केलेली तांब्याची तार किलोवर मिळते. सीलिंग फॅनला सहसा ३६ गेजच्या जवळपासची तार लागते, मला ३४ हवी होती.

का ३४, याचा हिशोब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. ८ ओहमचा स्पीकर म्हटला की कॉइलचा मल्टिमीटरवर दिसणारा रोध साधारण ६ ओहम असतो. बाकीचा विरोध आवाजाच्या वारंवारतेबरोबर येतो, तो मल्टिमीटरला दिसत नाही. ३४ गेज तार ०.२३ मिलिमीटर जाड. तिचा रोध मीटरमागे ०.४ ओहम. म्हणजे ६ ओहमसाठी १५ मीटर तार. कॉइलचा एक वेढा सुमारे १२.२ सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण १२२ वेढे. दोन थरांत ६१-६१. एनॅमल धरून उंची १६ मिलिमीटर. आकडे असे एकमेकांत बसले की बरं वाटतं.

थर दोनच का? एका थरात तार वरून खाली जाते आणि तिचं टोक खाली फटीत अडकतं. दोन थरांत ती खाली जाऊन वर येते आणि दोन्ही टोकं एकाच बाजूला मिळतात. चार थरही चालतात, तीन नाहीत.

गुंडाळायला लेथवर कातलेला लोखंडी दांडा लागतो. त्यावर आधी कागदाची पट्टी, तिच्यावर कॅप्टन नावाच्या तपकिरी-पिवळ्या प्लास्टिकचं नळकांडं आणि त्यावर तार. शेवटी कागद ओढून काढला की कॉइल दांड्यावरून सुटते. साध्या कागदाचं नळकांडं जुन्या रेडिओच्या स्पीकरात असे आणि घरगुती आवाजाला ते पुरतंही. जोरात वाजवायचं असेल तर कॅप्टन किंवा अॅल्युमिनियम घ्यावं, कारण कॉइल तापते आणि फार तापते. तांब्याचा रोध दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्का वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली तर ६ ओहमचे जवळजवळ ८.४ होतात आणि त्याच व्होल्टेजला आवाज उतरतो. वरातीत रात्री आवाज दबला की पोरं अॅम्प्लिफायर आणखी पिळतात. कॉइल जळते ती अशा वेळी.

वाइंडिंगवाले अन्ना सुरुवातीला हसले. पंख्याची कॉइल ते डोळे मिटून करतात, पण ‘‘वेढ्यावर वेढा चढला तर चालणार नाही’’ म्हटल्यावर त्यांनी स्वतःच हँडल हातात घेतलं. तार ताणून कशी धरायची हे मला पुस्तकात मिळालं नव्हतं. अंगठा आणि तर्जनीत कापडाची चिंधी, तार तिच्यातून सरकते, आणि नजर तारेवर नाही तर मागच्या वेढ्यावर.

४. स्पायडरला कमी लेखू नका

लोक कोनाकडे बघतात, कारण तो दिसतो. कॉइल मधोमध राखण्याचं आणि तिला परत जागेवर आणण्याचं मोठं काम मात्र स्पायडर करतो. ती लाटालाटांची पिवळी-तपकिरी चकती म्हणजे मुळात सुती कापड. फिनॉलिक रेझिनमध्ये बुडवून गरम साच्यात दाबलेलं. कापसाच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगितलं की ती चकती हातात घेऊन निरखतात. आपल्या शेतातल्या बोंडाचा असाही उपयोग, हे त्यांना आवाजापेक्षा जास्त आवडतं.

स्पायडर किती ताठ हवा, हे दुकानात कोणी सांगत नाही. ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ एवढंच ऐकायला मिळतं. त्यावर साधी कसोटी आहे. स्पायडरची बाहेरची कड एका कड्यावर टेकवा, मधल्या भोकावर हलकी चकती ठेवा आणि तिच्यावर किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन. १० इंची स्पीकरला दोन-अडीच मिलिमीटर खाली गेला तर ठीक. हललाच नाही तर खर्ज मिळणार नाही. पाच-सहा गेला तर मोठ्या आवाजात कॉइल फटीबाहेर उड्या मारेल. उस्ताद हे नुसत्या अंगठ्याने दाबून ओळखतात. आपल्याला तो अंगठा येईपर्यंत वजन वापरावं.

आणि दोन्ही बाजूंनी दाबून बघा. काही स्पायडर खाली सहज जातात, वर जायला कुरकुरतात. असा घेऊ नये.

५. कोन: कागद, कापडी किनार

कागदी कोनाला कमी समजण्याची पद्धत आहे. मला तो पटतो. हलका असतो, ताठ असतो आणि स्वतःचा नाद स्वतःच गिळतो. किनार मात्र हवामान बघून निवडावी. फोमची किनार मऊ, खर्जाला छान, पण पॉलियुरेथेन ओलाव्याने कुजतं. दहा-पंधरा वर्षांत बोट लावलं की भुगा. घडीची कापडी किनार दणकट, जत्रेच्या धुळीतही टिकते. रबर मधलं. मी कापड घेतलं.

कोनाची मान कॉइलच्या नळकांड्यावर चपखल बसली पाहिजे. दुसरं माप खोलीचं: कोनाची किनार फ्रेमच्या ओठावर टेकेल त्याच वेळी त्याची मान कॉइलवर योग्य उंचीला आली पाहिजे. हे न बघता घेतलेला कोन चिकटवताना ओढून बसवावा लागतो, आणि ओढलेला कोन कधी ना कधी वाकडा चालतो.

६. गोंदाची बाटली उघडण्याआधी

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे थांबतो.

पहिल्यांदा फट साफ करायची. मॅग्नेट दुकानातल्या टेबलावर पडलेलं असतं आणि लोहकीस त्याच्याकडे धावतो. फुंकर मारून तो निघत नाही, उलट आत जातो. चिकटपट्टीची घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, ती पोस्टकार्डच्या पट्टीवर गुंडाळून फटीतून गोल फिरवायची. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. एक कण राहिला तर तो पुढे सगळ्या गाण्यांत खरखरेल. आमच्याकडे हंगामात हवेत रुईचे तंतूही तरंगत असतात, म्हणून साफ केलेली फट लगेच झाकावी.

दुसरं, मधोमध धरणं. माझ्या कॉइलचा आतला व्यास ३८.२, पोल ३७.५. म्हणजे आतल्या बाजूने चहूकडे ०.३५ मिलिमीटर मोकळीक. बाहेरून तारेचे दोन थर धरून अर्धा मिलिमीटर. एवढ्यातच कॉइलला आयुष्यभर वरखाली करायचं आहे, कुठेही न घासता. त्यासाठी पोल आणि कॉइल यांच्यामध्ये पट्ट्या घालतात, त्यांना शिम म्हणतात. जुनी एक्स-रे फिल्म यासाठी नामी. ती ०.१८ च्या आसपास जाड असते, आणि तिच्या जोडीला पारदर्शक ओएचपी शीटची ०.१ ची पट्टी. दोन्ही मिळून कॉइल न सैल, न घट्ट. पट्ट्या पोलभोवती पूर्ण फिरवू नयेत, चार ठिकाणी समोरासमोर घालाव्यात, आणि वर दोन इंच बाहेर ठेवाव्यात, म्हणजे शेवटी ओढता येतात.

तिसरं, उंची. कॉइल १६ मिलिमीटर, प्लेट ८. कॉइलचा मध्य प्लेटच्या मध्यावर आला की वर ४ आणि खाली ४ मिलिमीटर तार बाहेर राहते. कोन तेवढा पुढे-मागे सरकला तरी फटीत कायम ८ मिलिमीटर तार असते, म्हणजे जोर सारखा. कॉइल २ मिलिमीटर वर बसली तर पुढचा प्रवास निम्मा होतो आणि मोठ्या आवाजात गायकाचा गळा बसल्यासारखा वाटतो. मी नळकांड्यावर पेन्सिलची रेघ ओढतो आणि ती प्लेटच्या वरच्या पृष्ठभागाशी जुळवतो. मागची प्लेट किती खोल आहे तेही मोजून घ्यावं. माझ्याकडे कॉइलच्या खाली ११ मिलिमीटर मोकळे होते, पुरेसे.

आता गोंद न लावता सगळं रचायचं. कॉइल, शिम, स्पायडर, कोन. सगळं आपापल्या जागी स्वतःहून बसतंय का? स्पायडर फ्रेमवर टेकला आणि त्याच्या लाटा सपाट राहिल्या का? कुठे ढकलावं लागलं तर तिथे माप चुकलं आहे. बाटली बंद ठेवायची आणि तो भाग बदलायचा. उस्तादांचं वाक्य: ‘‘जो सूखे में नहीं बैठा, वो गोंद से भी नहीं बैठेगा.’’

फळ्यावरचं गणित इथे जिवंत होतं. चांगल्या फेराइट संचाच्या फटीत चुंबकीय क्षेत्र १ टेस्लाच्या आसपास असतं. १५ मीटर तारेपैकी निम्मी, साडेसात मीटर, फटीत. म्हणजे एका अँपिअरला साडेसात न्यूटन बल, सुमारे पाऊण किलो वजनाइतकं. मुलांना हे सांगून बॅटरी लावली की कोन उडी मारतो, आणि डाव्या हाताची तीन बोटं मग पाठ करावी लागत नाहीत.

७. गोंद हवामान बघतो

स्पायडर आणि किनारीला फेविबॉण्डसारखा रबरी गोंद, कॉइल-कोन-स्पायडर जिथे एकत्र येतात तिथे अरल्डाइटसारखं इपॉक्सी. पहिला लवचिक राहतो, दुसरं उष्णता आणि झटके सोसतं. उलट केलं तर कॉइलचा सांधा तापून सुटतो.

आदिलाबाद तेलंगणातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यात येतो आणि इपॉक्सी रात्रभरात वाळत नाही. चोवीस तासांच्या जागी अठ्ठेचाळीस द्यावेत. मे महिन्यात उलटं: रबरी गोंदावर साय पटकन धरते आणि आत तो ओलाच असतो. पहाटे काम करावं. आणि पावसाळ्यात कोन आधी दिवसभर कोरड्या खोलीत ठेवावा, ओला कागद वाळताना आकसतो.

८. टोपी सगळ्यात शेवटी

शिम काढल्यावर दोन्ही हातांची बोटं कोनाभोवती सारख्या अंतरावर ठेवून हळू दाबायचं आणि कान जवळ न्यायचा. एका बाजूने दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दुकानात एका अंगठ्याने कोन दाबून ‘रब मारतोय’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर विश्वास ठेवू नये. काही आवाज नाही आला तर मोबाइलमधल्या टोन अॅपवरून लहान अॅम्प्लिफायरमार्फत ३० हर्ट्झपासून वर हळूहळू सूर चढवत जायचं. संगीतात लपणारी खरखर सरळ सुरात लपत नाही. त्यानंतर मी आकाशवाणी लावतो. माणसाचा बोलका आवाज आपल्या कानाला इतका ओळखीचा असतो की खोट लगेच कळते.

मग दीड व्होल्टचा सेल. धन टोक ज्या टर्मिनलला लावल्यावर कोन पुढे येतो, त्याला लाल खूण. जेबीएलच्या जुन्या प्रोफेशनल स्पीकरांत हे उलटं असतं, तेव्हा दोन स्पीकर जोडीने लावताना खूण स्वतः तपासावी. नाहीतर एक पुढे आणि एक मागे, आणि खर्ज हवेतच मरतो.

हे सगळं झाल्यावर टोपी चिकटवायची. आधी चिकटवली आणि खरखर निघाली, तर टोपी फाडावी लागते.

९. पाच रुपयांची नाणी

तयार ड्रायव्हर कसा आहे, हे नुसत्या कानाने ठरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी जे गणित मांडलं, त्याच्या जोरावर आज कॅबिनेटचं माप आधीच काढता येतं. त्यातले पहिले दोन आकडे घरी निघतात.

स्पीकरच्या मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर लावा, अॅपवरून सूर बदलत जा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर ठेवा. ज्या वारंवारतेला व्होल्टेज सर्वांत जास्त, ती या स्पीकरची नैसर्गिक वारंवारता. माझी ५० हर्ट्झ आली. आता कोनावर, टोपीच्या कडेला समोरासमोर, पाच रुपयांची दोन नाणी मऊ डिंकाने चिकटवा. पिवळी निकेल-पितळेची; माझी प्रत्येकी ६ ग्रॅमची होती. रुपयाचं स्टीलचं नाणं नको, त्याला मॅग्नेट खेचतं आणि मोजमाप बिघडतं. १२ ग्रॅम वाढल्यावर वारंवारता ४२ वर उतरली. ५० ला ४२ ने भागून वर्ग करा, १.४१७. त्यातून १ वजा, ०.४१७. १२ भागिले ०.४१७, म्हणजे साधारण २९ ग्रॅम. कोन, कॉइल, टोपी सगळं मिळून हलणारं वजन एवढं. न उघडता, न तोलता. शाळेच्या प्रयोगशाळेत याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही, आणि नाणी परत मिळतात.

१०. डबा

विना-डब्याचा ड्रायव्हर ऐकून निराश होऊ नये. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती विरळ होते, आणि खर्जात दोन्ही एकमेकांना खातात. १८ मिलिमीटर प्लायचा बंद डबा पुरे.

११. वॅटवर विश्वास ठेवू नका

मागच्या स्टिकरवर ५०० वॅट छापायला फक्त स्टिकर लागतो. स्पीकर ही फार उधळी वस्तू आहे. १०० वॅट दिले तर जेमतेम एखादा वॅट आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणून स्टिकरवर वॅट बघण्याऐवजी एका वॅटला, एका मीटरवर किती डेसिबल ते विचारावं. ८७ ऐवजी ९० चा ड्रायव्हर म्हणजे अर्धा अॅम्प्लिफायर वाचला.

दुसरा हिशोबही मुलांकडून करून घेतो. ९० डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट दिले तर एका मीटरवर ११०. अंतर दुप्पट झालं की ६ कमी. ३२ मीटरवर ८०. केंद्राच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. शाळा-दवाखान्यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात आणखी कमी, ५० आणि ४०. असा एक स्पीकर ३२ मीटरवरसुद्धा मर्यादेच्या कितीतरी वर आहे, आणि वरातीच्या गाडीवर तसे डझनभर असतात. हैदराबाद पोलिसांनी २०२४ मध्ये धार्मिक मिरवणुकांतल्या डीजेवर बंदी घातली तेव्हा आमच्याकडचे साउंडवाले चिडले होते. मला ती योग्य वाटली. गोंडांच्या दंडारीतल्या गुसाडी नाचाला ढोल आणि पेपरे ही वाद्यं पुरतात, आणि गाव तो नाच ऐकत जागं राहतं.

१२. परवडतं का?

नाही. भाग, प्रवास, गोंद, कातकाम धरलं तर त्या पैशात तयार १० इंची ड्रायव्हर दुकानातून येतो, वॉरंटीसकट. धंदा म्हणून कोन बदलण्याचंच काम बरं. मुलांना शिकवायला आणि स्वतःच्या घरात ऐकायला मात्र करून बघण्यासारखं आहे. सुरुवात सहा किंवा आठ इंचीपासून करावी, तयार कॉइल घेऊन. तार गुंडाळणं दुसऱ्या खेपेला.

आणि एक विनंती. आदिलाबाद असो, किनवट असो की पांढरकवडा, फाटलेल्या कोनाचा स्पीकर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. त्यातलं मॅग्नेट, प्लेटा आणि फ्रेम बहुतेक वेळा शाबूत असतात. ते जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना नेऊन द्या.